ॲट्रोपिनचं इंजेक्शन: किती, किती वेळाने, आणि काख कोरडी झाली का?

रात्रपाळी (धागाकर्ती)

पोळा झाला की आमच्या वॉर्डात ॲट्रोपिनचे खोके मोजायचं काम सुरू होतं. कपाशी कमरेच्या वर गेलेली असते, पंप पाठीवर आणि नळी डोक्याच्या उंचीला, वारा फिरला की सगळं औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर. मी विदर्भातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात १४ वर्षं स्टाफ नर्स आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दाखल झाले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. परवा एका नव्या सिस्टरने मला विचारलं, "मॅडम, किती अँप्यूल देऊ?" तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

कारण या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. पॅरासिटामॉलची गोळी ५०० ची असते, ॲट्रोपिनचं तसं नाही. पेशंटची छाती सांगते किती ते.

आधी हे औषध करतं काय. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या आहे. लाळ सोडा, घाम सोडा, आतडी हलवा, श्वासनळीत पाणी सोडा, हृदय जरा हळू चालवा, असे निरोप तो देतो. निरोप दिला की कोलिनएस्टरेज नावाचं विकर त्याला लगेच मोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं त्या विकरालाच गप्प करतात. मग निरोपावर निरोप सुटतात. तोंडातून फेस, डोळ्यातून पाणी, कपड्यात लघवी-संडास, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत घुरघुर. माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो. ॲट्रोपिन त्या निरोप्याचं दार लावून घेतं. विष तसंच आत राहतं, ते उतरेपर्यंत माणूस जिवंत ठेवायचा एवढंच त्याचं काम.

आमच्याकडे अँप्यूल १ मिलिलिटरची, त्यात ०.६ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला पहिला डोस १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ५ अँप्यूल, सरळ शिरेतून. ५ मिनिटांनी बघायचं. सुधारणा नाही? दुप्पट. परत ५ मिनिटं. परत दुप्पट. ५, मग १०, मग २०. हे वाचून नव्या मुलींच्या पोटात गोळा येतो, माझ्याही यायचा. पण २-२ अँप्यूल दर पंधरा मिनिटांनी देत बसलं तर छाती साफ व्हायला तासन् तास जातात आणि तेवढा वेळ पेशंटकडे नसतो. बांगलादेशात चितगावच्या डॉक्टरांनी दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या, २०१२ साली तो अभ्यास छापून आला. जुन्या पद्धतीत शंभरातले २२-२३ गेले, दुप्पट करत जाऊन पुढे सलाईनमधून चालू ठेवलेल्यांत ८.

दर ५ मिनिटांनी मी काय बघते ते सांगते. स्टेथोस्कोप छातीवर, पुढे आणि मागे, तळाला सुद्धा. घुरघुर आणि शिट्टी गेली का? नाडी ८० च्या वर? वरचं बीपी ८० च्या वर? आणि काख. हातमोजा घातलेल्या बोटांनी काखेत चाचपायचं. कपाळ पंख्याने सुकतं, काख फसवत नाही. ज्या मिनिटाला काख कोरडी लागते त्या मिनिटाला माझा स्वतःचा श्वास सुटतो.

बाहुलीच्या नादी फार लागू नका. ती उशिरा मोठी होते, आणि औषध थेट डोळ्यात उडालं असेल तर बराच काळ बारीकच राहते. तसंच "नाडी १२० आहे, ॲट्रोपिन कसं देऊ?" हेही विचारू नका. छाती वाजत असेल तर द्यायचं. नाडी ऑक्सिजन कमी पडल्यामुळेही धावते.

छाती साफ झाली की आतापर्यंत दिलेलं सगळं मोजायचं. समजा ५ अधिक १० अधिक २०, म्हणजे ३५ अँप्यूल, २१ मिलिग्रॅम. त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला सलाईनमधून, म्हणजे साधारण साडेतीन ते सात अँप्यूल तासाला. म्हणून रिकाम्या अँप्यूल टाकून द्यायच्या नाहीत. मी त्या किडनी ट्रेमध्ये दहा-दहाच्या रांगेत लावते. घाईत बोटं कापतात, वहीवर रक्ताचे डाग पडतात, पण मोजणी चुकत नाही.

उरलेलं उद्या. ड्यूटीची वेळ झाली.

धुऱ्यावरून

ताई, तुम्ही लिहिलं ते वाचून हात थरथरले. मागच्या वर्षी माझ्या लहान भावाला फवारा लागला. आमच्याकडे कीटकनाशकालाही औषधच म्हणतात, "औषध मारायला गेला" म्हणून सांगितलं तर डॉक्टरला आधी वाटलं गोळ्या खाल्ल्या. त्याला दवाखान्यात नेलं, सुया सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी उठून बसला, चहा पिला, बोलला. आम्ही देवाचा नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी मान टाकून पडला. आम्ही म्हटलं रात्रीची झोप राहिली असंल, झोपू द्या. संध्याकाळी त्याचा श्वासच थांबायला लागला. मोठ्या दवाखान्यात ११ दिवस मशीनवर होता. वाचला. पण मला आजवर कोणी सांगितलं नाही की बरा झालेला माणूस असा काऊन पडला. ॲट्रोपिन कमी पडलं का?

थिएटर नंबर दोन

मी भूलतज्ज्ञ आहे. सिस्टरांनी लिहिलंय ते प्रत्येक इंटर्नच्या खिशात असावं. धुऱ्यावरून, तुमच्या भावाबद्दल सिस्टरच सांगतील, त्यांनी ते जवळून बघितलेलं असणार. मी या औषधाच्या आमच्या खोलीतल्या बाजूबद्दल लिहितो.

विषबाधेत ज्या औषधाच्या ३५ अँप्यूल जातात, त्याची ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही एक किंवा दोन देतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात गॅस भरताना, किंवा तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये लहान मुलाच्या डोळ्याचा स्नायू ओढला की नाडी एकदम कोसळते. आधी सर्जनला हात थांबवायला सांगायचं. तेवढ्याने बहुतेक वेळा नाडी परत येते. नाही आली तर ॲट्रोपिन, मुलांना किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम. भूल उतरवताना स्नायू मोकळे करायला निओस्टिग्मिन देतो. तेही नाडी पाडतं, म्हणून त्याच्या जोडीला ग्लायकोपायरोलेट असतंच, २.५ मिलिग्रॅम निओस्टिग्मिनला ०.५ मिलिग्रॅम. ग्लायको हे ॲट्रोपिनचं भावंड, पण ते मेंदूत शिरत नाही. म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर बडबड आणि भ्रम नको असेल तर मी ग्लायकोच घेतो.

हृदय मंद झालेल्या पेशंटला, चक्कर येतेय, बीपी पडलंय अशा वेळी, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या सूचनांनुसार १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. मोठ्या माणसाला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी देऊ नये, नाडी उलट आणखी मंदावू शकते. हळूच ढकलू नये, जोरात द्यावं. हृदयाच्या खालच्या तारा तुटल्यासारखा ब्लॉक असेल तर ॲट्रोपिनवर वेळ घालवू नका, पेसिंगची, म्हणजे बाहेरून विजेचे ठोके देऊन हृदय चालवायची, तयारी करा. हृदय प्रत्यारोपण झालेल्याला ते लागू पडत नाही, कारण त्या हृदयाची व्हेगस नस, म्हणजे ठोके मंद करणारी नस, कापलेली असते. आणि पूर्ण थांबलेल्या हृदयासाठी ते २०१० पासून नित्याच्या यादीतून निघालं आहे. जुन्या क्रॅश कार्टवर, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या ट्रॉलीवर, चिकटवलेले तक्ते बदला.

एक गोष्ट कळवळून सांगतो. ॲट्रोपिन आणि ॲड्रिनलिन. दोन्ही छोट्या, १ मिलिलिटरच्या अँप्यूल, दोन्ही नावं "ॲ" ने सुरू, आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये. माझ्या शिकाऊ काळात एका रुग्णालयात मंद नाडीसाठी ॲड्रिनलिनची आख्खी अँप्यूल शिरेत गेली. पेशंटचं बीपी मशीनला मोजता येईना. तो वाचला, पण तो मॉनिटर माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. त्या दिवसापासून मी अँप्यूल फोडण्याआधी नाव मोठ्याने वाचतो, समोरच्याकडून वाचून घेतो, आणि सिरिंज भरल्या क्षणी चिठ्ठी लावतो. चिठ्ठी नसलेली सिरिंज सापडली तर फेकून देतो, आत काय आहे याचा अंदाज बांधत नाही.

सावित्रीकाठ

रायगड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. आमच्याकडे कपाशी नाही, आमच्याकडे विंचू. या धाग्यावर हे यायलाच हवं, कारण वरचं वाचून कोणी लाल विंचवाच्या दंशाला ॲट्रोपिन दिलं तर फार वाईट होईल.

लाल विंचू चावलेलं मूल येतं तेव्हा सुरुवातीला ते अगदी विषबाधेसारखं दिसतं. उलटी, दरदरून घाम, लाळ, कधी नाडी मंद. बघणाऱ्याचा हात आपसूक ॲट्रोपिनकडे जातो. पण हे पहिलं रूप थोड्या वेळाचं असतं. मागून येतं ते खरं वादळ. शरीर ॲड्रिनलिनसारखी रसायनं एकदम ओतू लागतं, हातपाय बर्फासारखे गार, बीपी वर, हृदयावर ताण, आणि मग फुप्फुसात पाणी. मंदावणारी व्हेगस नस हा त्यावरचा उरलासुरला लगाम असतो. ॲट्रोपिन तोच लगाम कापतं.

इथून जवळच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच पेशंटांच्या उशाशी रात्री काढल्या आणि प्राझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर वापरता येते हे जगाला दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, गरजेप्रमाणे दर ३ तासांनी, हातपाय ऊबदार होईपर्यंत. गोळी दिली की मुलाला उचलून उभं करू नका, बीपी पडतं. विंचवाचं प्रतिविष असेल तर तेही, लवकर दिलं की प्राझोसिनच्या जोडीने पेशंट आणखी लवकर सावरतो.

आम्ही तपासायच्या टेबलावर मुलाच्या तळपायाला हात लावून बघतो. सिस्टरांची काख, तसे आमचे तळपाय.

सदाफुली

माझा प्रश्न लहान आहे, पण विचारते. माझ्या वडिलांना (७२) मुतखड्याच्या कळा आल्या. जवळच्या दवाखान्यात पोटदुखीचं इंजेक्शन दिलं. कळ थोडी थांबली, पण रात्रभर लघवीच झाली नाही, ओटीपोट दगडासारखं झालं. शेवटी नळी घालावी लागली. सकाळपर्यंत ते घरातल्या माणसांना ओळखेनात. केसपेपरवर डायसायक्लोमिन लिहिलंय. हे त्याच जातीचं औषध का?

औषधपेटी

हो सदाफुली, त्याच जातीचं. मी फार्मासिस्ट आहे, आणि आमच्या काउंटरवरून या वर्गातलं सर्वात जास्त जाणारं इंजेक्शन हेच. २ मिलिलिटरची अँप्यूल, २० मिलिग्रॅम. दुसरं हायोसिन ब्युटिलब्रोमाइड, तेही २० मिलिग्रॅमचं. आतड्याचा पीळ सैल करतात म्हणून पोटाच्या कळेला देतात. पण जे आतड्याला सैल करतं ते मूत्राशयालाही करतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्यामुळे अडते, आणि ७२ व्या वर्षी डायसायक्लोमिनने भ्रम होणंही नवीन नाही. वडील आता बरे असतील अशी आशा आहे. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी सुई भरण्याआधी सांगा. मुतखड्याच्या कळेला, किडनी चांगली असेल तर, डायक्लोफिनॅकच्या जातीची औषधं यापेक्षा चांगलं काम करतात.

सुई देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डायसायक्लोमिन स्नायूतच द्यायचं, शिरेत नाही. शिरेत दिलं तर रक्तवाहिनी सुजते, गुठळी होते. "पेशंट तळमळतोय, सलाईनला पोर्ट आहेच" म्हणून तिथून ढकलणारे मी पाहिले आहेत, कृपा करून नका करू. आणि ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला हे औषध कोणत्याच रूपात नाही, थेंब सुद्धा नाही. रडणाऱ्या तान्ह्यासाठी आजी थेंब मागायला येतात, मी त्यांना खुर्ची देतो आणि समजावून परत पाठवतो.

काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार, अडलेली लघवी, बंद पडलेलं आतडं, आधीच धावणारी नाडी, हे या सगळ्या वर्गाला विचारायचे प्रश्न. कीटकनाशकाच्या विषबाधेत मात्र यातलं काहीही असलं तरी ॲट्रोपिन अडवायचं नाही.

रात्रपाळी

धुऱ्यावरून दादा, काल रात्री तुमची पोस्ट वॉर्डातच वाचली.

तुमच्या भावाला ॲट्रोपिन कमी पडलं असं नाही. ॲट्रोपिन लाळ, घाम, श्वासनळी, हृदय एवढ्याच दारांवर बसतं. स्नायूंच्या दारावर त्याची किल्ली चालत नाही. विष तिथेही काम करत असतं. म्हणून छाती साफ झालेला, बोलणारा, चहा पिणारा माणूस पहिल्या ते चौथ्या दिवसात कधीतरी ढिला पडायला लागतो. आधी मान, मग दंड आणि मांड्या, मग श्वासाचे स्नायू. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ साली याचं वर्णन केलं, त्याला मधल्या काळातला म्हणून इंटरमीजिएट सिंड्रोम म्हणतात. यावर उतारा नाही, फक्त वेळेवर व्हेंटिलेटर. तुमच्या भावाला ते मिळालं म्हणून तो आज शेतात आहे.

हे ओळखायची युक्ती कुणालाही जमण्यासारखी आहे. पेशंटला म्हणायचं, उशीवरून मान उचल. उचलली आणि धरून ठेवली, तर ठीक. उचलता येत नसेल तर झोपलाय असं समजायचं नाही, लगेच डॉक्टरांना हाक मारायची. आम्ही हे दर २ तासांनी करतो आणि नातेवाइकांनाही शिकवतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ते आमच्या पेशाचं कमी पडणं आहे, तुमचं नाही. तुम्ही त्याला झोपू दिलंत ते प्रेमानेच.

आता काल राहिलेलं. जास्त झालं तर कसं कळतं? माणूस चादर चिवडायला लागतो, हवेतलं काहीतरी पकडतो, पलंगावरून उतरायला बघतो, अंग तापतं, कातडी कोरडी ठणठणीत, पोटावर स्टेथोस्कोप लावला तर आतडी मुकी. ताप, भ्रम, मुकं पोट एकत्र दिसलं की सलाईन थांबवायचं. अर्ध्या-एक तासाने खाली आलं की आधीच्या ७०-८० टक्के वेगाने परत सुरू. कायमचं बंद करून टाकलं की पहाटे छाती परत वाजायला लागते, हे मी अनेकदा बघितलंय. तळमळणाऱ्याला पट्ट्यांनी बांधू नका हो. तापलेलं अंग, घाम बंद, वर धडपड, त्यात जीव जातो. आधी मूत्राशय चाचपा. निम्म्या वेळा लघवी तुंबलेली असते, नळी घातली की शांत होतो.

कपड्यांबद्दल. ते हातमोजे घालून कापून काढायचे, अंग साबणाने धुवायचं, केस, नखं, बेंबी सगळं. कपड्यांची पिशवी पलंगाखाली ठेवायची नाही, विष त्यातून परत अंगात जातं. आणि तोंडात बोटं घालून, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, ते सरळ फुप्फुसात जातं.

थिएटर नंबर दोन

पॅमबद्दल, म्हणजे प्रालिडॉक्सिमबद्दल एक भर घालतो, कारण नातेवाईक हमखास विचारतात. विषाने बांधलेलं विकर सोडवायचं ते औषध, लवकर दिलं तरच अर्थ. बारामतीतल्या डॉक्टरांनी २०० पेशंटांवर केलेला अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ४८ तास सलग, दर तासाला १ ग्रॅम दिलेल्यांत शंभरात १ मृत्यू, दर ४ तासांनी १ ग्रॅम दिलेल्यांत ८. पुढे श्रीलंकेत २००९ साली छापलेल्या अभ्यासात मात्र फायदा दिसला नाही. बारामतीचे पेशंट लवकर पोचलेले आणि त्यांची काळजी फार नीट घेतलेली होती, माझ्या मते फरकाचं मोठं कारण तेच. द्यायचंच तर पहिला डोस अर्ध्या तासात हळूहळू, झटक्यात दिलं तर हृदय थांबू शकतं. आणि पॅम मिळेपर्यंत ॲट्रोपिन थांबवून ठेवायचं नाही.

धुऱ्यावरून

ताई, तुमचं उत्तर मी भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "मले आठवते, तू डोक्याखाली उशी सारखी करत होता आन् मले मान फिरवताच येत नव्हती. बोलाचं होतं, पण आवाज फुटत नव्हता." वर्षभर त्यानं हे सांगितलं नव्हतं.

एक शेवटचं विचारतो. ही सुई आम्ही घरी ठेवू शकतो का? पंचायतीत एक कंपाउंडर आहे, त्याला येते सुई.

रात्रपाळी

नाही दादा, घरी नको. घामाघूम होऊन चक्कर आलेला प्रत्येक जण विषबाधेचा नसतो. उन्हाने भोवळ आलेल्याला ॲट्रोपिन दिलं तर त्याचा उरलेला घामही बंद होईल. शिवाय डब्यातलं विष ऑरगॅनोफॉस्फेट आहे की कार्बामेट, की दुसरंच, हेही बघावं लागतं. पहिल्या दोन्हीला ॲट्रोपिन चालतं. पॅराक्वाट तणनाशकाला ते काहीच करत नाही, त्यात गरज नसताना दिलेला ऑक्सिजनसुद्धा फुप्फुसं जाळतो.

तुम्ही करण्यासारखं हे. १०८ ला फोन, कपडे काढून साबण-पाणी, डाव्या कुशीवर झोपवणं, आणि डबा सोबत आणणं. डबा नसेल तर लेबलचा फोटो. लाल त्रिकोणाचा, म्हणजे सगळ्यात जहाल विषाचा, डबा दिसला आणि लेबलवर ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट असलं की आम्ही पेशंट स्ट्रेचरवरून उतरायच्या आत अँप्यूल फोडायला घेतो.

धुऱ्यावरून

कोठ्यात तीन डबे आहेत, दोन लाल त्रिकोणाचे. आत्ता कंदिलात फोटो काढले, लाइट गेली आहे. सकाळी परत काढतो, लेबल नीट वाचता येईल असे. गावच्या ग्रुपवरही टाकतो, ज्याचे त्यानं आपल्या डब्याचे काढावेत म्हणून. आणि मान उचलून बघायचं तेही लिहितो.